पिवळी जर्सी

रविवार, संध्याकाळ

माझी रूममेट सुजाता, तिची पिवळी जर्सी पीजीच्या दोरीवर वाळतेय. इथल्या बनशंकरी भागाच्या खो-खो संघात तिची निवड झाली, माझी नाही. खांबावर सूर मारायला तिला शिकवलं कुणी? मीच ना! पण संघाला इथल्या पत्त्याचा पुरावा हवा, आणि आमचा पीजीवाला भाडेकरार देत नाही. सुजाताही बाहेरचीच, बेळगावची. पण तिच्या आधारवर इथल्या मावशीचा पत्ता आहे.

"ताई, मॅचला येशील ना?" सुजाताने विचारलं.

येईन म्हटलं. ती मैदानात तोंडावर आपटावी, असं क्षणभर वाटलं. छे, क्षणभर कसलं, दिवसभर.

ती आंघोळीला गेल्यावर ती जर्सी कुर्त्यावरूनच घालून पाहिली. ओली होती, पण अगदी माझ्या मापाची. घाईघाईने परत दोरीवर टाकली.

सुजाता बाहेर आली. माझ्या भिजलेल्या कुर्त्याकडे पाहिलं आणि तिने मला तिचा टॉवेल दिला.