परवलीचं वाक्य

॥ श्री ॥
दि. ४

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू शिकवलंस तशी घरच्या सर्व्हरची डिस्क एन्क्रिप्ट केली. आता यंत्र सुरू करताना परवलीचं वाक्य टाकल्याशिवाय आतलं काही वाचता येत नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांचे पत्ते त्यात आहेत. त्यांना आसरा देणाऱ्या संस्थेने विश्वासाने माझ्या हवाली केलेत. वाक्य म्हणून रोज देवापुढे म्हणतो तेच घेतलं, म्हणजे विसरायला नको.

पण काल धस्स झालं. एक गृहस्थ अर्ज टाइप करून घ्यायला आला. गोडबोल्या. त्याच्यासमोरच यंत्र सुरू केलं. तो गेला आणि संस्थेच्या बाईंनी फोटो पाठवला, की हा बायकोला शोधत फिरतोय. तोच माणूस! वाक्य टाकताना तो खिडकीबाहेर पाहत होता, कीबोर्डकडे नाही, एवढाच धीर. फोनवर बोलायचीही भीती वाटते, म्हणून ओळखीच्या हाती पत्र देतोय.

भित्र्या भावावरही लोभ राहो.

तुझा दादा


दि. ५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

आणणाऱ्याच्याच हाती उत्तर देते. रागावू नकोस, पण वाक्य टाकताना पुटपुटत होतास का रे? गावच्या शाळेत गुरुजींनी आपल्याला मोठ्याने म्हणत लिहायला शिकवलं. तू अजून वाण्याची यादी तशीच लिहितोस. वहिनी म्हणते, साबण संपल्याचं अख्ख्या गल्लीला कळतं. तो खिडकीबाहेर पाहत होता, पण कान कुठे होते?

वाक्य आजच बदल. घराबाहेर पडताना यंत्र बंद कर. चालू असलं की कुलूप उघडंच समज.

आगाऊपणा पोटात घालून लोभ ठेव.

तुझी धाकटी


॥ श्री ॥
दि. ८

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, पुटपुटत कसले, तुम्ही खणखणीत म्हणत होतात. स्वयंपाकघरात मला वाटलं पूजा चाललीय. लगेच वाक्य बदललं. तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात धरला होता. हसू कोणालाच आलं नाही.

काल यंत्र बंद करून आम्ही बाजारात गेलो. परत आलो तर कडी उचकटलेली, टेबलावर नुसत्या वायरी. पोलिसांना कळवलं. संस्था बायकांना हलवते आहे, पण इतक्या जणींना एकदम कुठे नेणार? जुनं वाक्य खरंच पुसलं गेलं का, मला खात्री वाटेना. देवापुढे बसलो, पण तेच शब्द ओठांवर आले, तसा उठलो.

आज फोन वाजला. एका पुरुषाने माझं जुनं वाक्य म्हटलं, सावकाश, एकही अक्षर न चुकता. मग विचारलं, याच्या पुढे काय?

मी फोन ठेवला. पण धाकटे, तो विचारतोय, म्हणजे उघडलेलं नाही.

लोभ असू दे, आणि त्या बायकांसाठी देवाजवळ शब्द टाक.

तुझा दादा