तुपाचं तेवढं राहिलं

केनवड
ता. ९ ऑक्टोबर १९५६

चिरंजीव जगदेव यास बापाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. ज्वारी कणसात आली, म्हैस पोळ्याला व्याली. दिवाळीला येऊ का, असं तू दोन पत्रांत विचारलंस. त्याकडे वळतोच, आधी तुझ्या शिक्षणाचं बोलू.

तुझं पत्र मी चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचलं. माझं मलाच नीट ऐकू यावं म्हणून. तुझी आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. भाकरीच्या पिठाची साखर तोंडातली लाळच करू लागते, पण तीच लाळ वरणाला किंवा मटणाला काही करत नाही, त्यासाठी जठरातला रस लागतो, हे वाचून गंमत वाटली. म्हणजे पोटातही बलुतेदारी आहे म्हणायची. सुताराच्या कामाला लोहारानं हात लावायचा नाही.

"थुंकीचं शिकायले अमरावतीले गेला काय?" आई तव्याकडे बघून म्हणाली.

मामाची मुलगी नको, कॉलेज पाहिजे म्हणून तू निघालास, तेव्हापासून तिनं तुझा विषय काढला नव्हता. पुन्हा तोंड दाखवू नको, असं ती म्हणाली होती, ते तुलाही ठाऊक आहे. म्हणून मी उत्तर टाळत होतो. बाबा रे, मला रोज तिच्याच हातचं जेवायचं असतं.

त्या दिवशी ताटावर मी तिला कोरड्या भाकरीचा घास दिला. म्हटलं, "चावत राह्य, गिळू नको."

"भाकर हाय, गूळ नाही," म्हणाली, पण चावत बसली. मग हळूच म्हणाली, "गोड लागून राह्यली जी. पोरगं खोटं नाही लिहत."

तिनं डोळ्यांना पदर लावला.

ताटं उचलताना तिनंच विचारलं, "मंग तूप कोठी पचते? ते नाही लिहिलं त्यानं?"

लिहिलं होतंस, पण मोठ्यानं वाचताना मी तिथवर पोचलोच नव्हतो. पुढे लहान आतड्यात, निराळ्या रसानं. पण मी साफ सांगितलं, नाही लिहिलं. त्यालाच विचारावं लागेल.

"मंग ये म्हणा दिवाळीले. मी इचारीन त्याले."

तेव्हा ये. म्हशीचं तूप ती गाडग्यात साठवून राहिली आहे, मला बोटभर चाखू देत नाही.

ते कुठं पचतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

तुझी वाट पाहणारा, आणि आता एकटाच नव्हे,
तुझा बाप
दौलतराव