फिलोमेनाच्या रिकाम्या होडीची वाटणी

देवाला साक्षी ठेवून, आणि देव कचेरीत येऊन सही करत नाही म्हणून तीन माणसांनाही साक्षी ठेवून, मी बासिलिसा पाबेलार, कै. एलिओदोरो पाबेलार यांची विधवा, वय ऐंशीच्या पुढे, धंदा कॉमिक्स भाड्याने देणे (आता बंद), राहणार जुन्या बाजारामागची गल्ली, लुसेना शहर, प्रांत केसोन, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण वकील माकाराएग म्हणतात की कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलीने आणून पाहिला, लागला नाही.

मला अक्षर येत नाही. शिकायच्या वयात युद्ध होतं, युद्ध संपल्यावर बाजार होता. म्हणून मी बोलते आणि वकिलांचा कारकून एफ्रेन लिहितो. सांगेन ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही आणि सुधारायचं तर मुळीच नाही, असं मी त्याला बजावलं आहे. हेही लिहिलं का म्हणून विचारलं. लिहिलं म्हणतो.

खरं तर मृत्युपत्राची गरज नव्हती. मला एकच मूल, मुलगी नोर्मिता. सगळं तिलाच गेलं असतं. हा खटाटोप एका पानासाठी आहे. ‘काळी होडी’ या चित्रमालेच्या शेवटच्या अंकातलं शेवटचं पान. त्यात नावाडीण फिलोमेना हिची होडी काठाला रिकामी उभी आहे. माझ्या मागे ते पान विकलं जाऊ नये आणि फिलोमेना मारली जाऊ नये, एवढी माझी इच्छा आहे. आता कलमं.

१. राहतं घर, त्याखालची जमीन, छपरावरचे पत्रे, पत्र्यांवरची मांजरं, आणि बँकेतली शिल्लक नोर्मिताला. कायद्याने अर्धा वाटा तिचा आहेच, उरलेल्यातलाही बहुतेक देते. त्याबद्दल तिने खालच्या कलमांवर तोंड वाकडं करू नये.

२. माझ्या मागे घरी जागरण होईल तेव्हा रिवाजाप्रमाणे पत्ते खेळावेत. येणाऱ्यांना केळीच्या पानावर पान्सित द्यावा, काटे देऊ नयेत. आमच्याकडे शेवया पानावरून थेट तोंडाने ओढतात, मी मेले म्हणून ते बदलायचं कारण नाही. पत्ते पिसायला फेलिसा ओआबेल हिला देऊ नये. का ते तिला माहीत आहे.

३. बाकडं, तार आणि लाकडी चिमटे. माझ्या दुकानात कॉमिक्स तारेवर चिमट्यांनी टांगलेली असत आणि गिऱ्हाइकाने ती बाकड्यावर बसूनच वाचायची असत. घरी न्यायची नाहीत, पान दुमडायचं नाही, शेजारच्याच्या खांद्यावरून फुकट वाचायचं नाही. मला मुखपृष्ठावरून प्रत्येक अंक ओळखता येई. आत काय लिहिलंय ते दोरो सांगायचा. दोरो म्हणजे माझा नवरा एलिओदोरो. दिवसा तो नदीवर होडी चालवायचा, संध्याकाळी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून मला नवा अंक वाचून दाखवायचा. खलनायकाचा आवाज तो आमच्या फादरांसारखा काढी. ते बाकडं, तार आणि चिमटे नोर्मिताच्या मुलीला, म्हणजे माझी नात क्लारिस हिला.

४. दोरोचं वाचन. हे कलम मालमत्तेचं नाही असं वकील म्हणतात. असू दे, लिहा.

‘काळी होडी’ दर पंधरवड्याला यायची. फिलोमेना रात्री लोकांना नदीपार नेते आणि भाडं म्हणून प्रत्येकाचं एक दुःख घेते. होडी भरत जाते, जड होत जाते. आता शेवटी काय होणार, यावर सगळ्या बाजारात वाद चालले होते. शेवटचा अंक आला त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण सालुद नदीत बुडाली. ती बसली होती ती होडी दुसऱ्याची होती, पण तिला वर काढलं दोरोने.

दफन झाल्यावर मीच म्हटलं, अंक वाच. बरेच दिवस त्याने टाळलं. मग वाचला. रिकाम्या होडीच्या चित्राशी येऊन त्याने वाचलं: “फिलोमेना काठाला लागली. होडी बांधायलाही थांबली नाही. चुलीवर भात ठेवून आली होती, तो करपेल म्हणून चिखल तुडवत घाईने घरी गेली.” मी म्हटलं, काठावर पाऊलखुणा कुठे आहेत? तो म्हणाला, भरतीने पुसल्या. मला पटलं.

एक गोष्ट तेव्हा मला कळली नाही. त्या आठवड्यात दोरोने तो अंक सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट वाचायला दिला. मी भांडले. सगळा बाजार ज्या अंकासाठी जीव टाकून बसला होता तो फुकट? तो म्हणाला, असू दे, कधीतरी. गिऱ्हाइकं वाचायची आणि माझ्याकडे बघून उठून जायची. नंतरही बाकड्यावर त्या शेवटाबद्दल कोणी बोललं नाही. इतर प्रत्येक चित्रमालेवर ती माणसं आठवडा आठवडा भांडत.

५. फेलिसा ओआबेल, माझी शेजारीण, मासे भाजून विकणारी, नोर्मिताची धर्ममाता. त्या नात्याने आम्ही एकमेकींना कुमारे म्हणतो. तिला माझं तिपाई स्टूल, ज्याचा एक पाय आखूड आहे. तिला आज साक्षीदार व्हायचं होतं, म्हणजे ऐकायला मिळालं असतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होणं बरं नाही. म्हणून मी लगेच स्टूल दिलं. ती बाहेर ओट्यावर बसली आहे.

आखूड पायाचंच का, त्याचं कारण असं. नोर्मिताच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ‘काळी होडी’चा सिनेमा आला. मी आणि फेलिसा पहिल्याच दिवशी गेलो. त्या सिनेमाबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. नटी देखणी होती, पण होडीत टाचेचे बूट घालून बसली होती. नदी हौदासारखी होती. नायकाला गाणी दिली आणि फिलोमेनाला रडणं दिलं. अंकात ती एकदाही रडत नाही, म्हणून तर लोक तिच्या होडीत बसतात. आणि शेवटी ती बुडाली. मी उभी राहून म्हटलं, हे चुकीचं आहे. मागचे लोक बसा बसा करू लागले. मी बसले नाही.

फेलिसाने माझा हात ओढला आणि म्हणाली, “कुमारे, खाली बस. कागदावरही ती बुडतेच. सगळ्यांना माहीत आहे.”

इतकी वर्षं तिने तोंड बंद ठेवलं होतं. फेलिसाच्या मानाने ही तपश्चर्याच, आणि ती माझ्यासाठी केली होती, हे मी मान्य करते. पण शेवटी तिने तोंड उघडलं ते उघडलंच. स्टुलाचा पाय तिने दुरुस्त करू नये.

घरी आले तेव्हा दोरो मागच्या दारात जाळं विणत होता. मी विचारलं, “फिलोमेना कुठे गेली?”

“घरी,” तो म्हणाला. “चुलीवर भात होता ना.”

“सिनेमात बुडाली.”

“सिनेमावाल्यांना होडीतलं काय कळतंय.”

मी अंक आणून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, वाच. त्याने हात पुसले आणि वाचला. तोच भात, तोच चिखल, शब्द तेच, तेवढेच. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. त्यानंतर मी विचारलं नाही आणि ते पान दुसऱ्या कोणाकडून वाचूनही घेतलं नाही. तो गेला तेव्हा हे आमच्यात तसंच राहिलं, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

६. ‘काळी होडी’चे नवे अंक. यंदापासून ती माला नव्याने रंगीत निघते आहे. क्लारिस मला प्रत्येक अंक वाचून दाखवते. ती दातांच्या दवाखान्यात काम करते आणि वाचतेही तशीच, एकही दात न सोडता. माझं मत नोंदवून ठेवते. पहिला अंक चांगला. चिखल चिखलासारखा आहे, होडीत बसलेल्या म्हातारीच्या मानेवर सुरकुत्या आहेत. दुसऱ्या अंकात सगळे इतकं बोलतात की होडीला पाण्यात जागा उरत नाही. तिसऱ्यात फिलोमेनाची कंबर मनगटाएवढी केली आहे. त्या कंबरेने होडी सोडा, कालथासुद्धा फिरणार नाही. चौथ्यात रात्र जांभळी आहे. हौस असेल, मी बोलत नाही. पण चारही अंकांत ती वल्हं केरसुणीसारखं धरते. म्हणून दोरोचं वल्हं त्या नव्या चित्रकाराला द्यावं. तो मनिलात राहतो, मी त्याला ओळखत नाही. त्याने ते हातात धरून एकदा पाण्यात उभं राहावं.

टीव्हीवरही मालिका येणार आहे म्हणतात. जाहिरातीत फिलोमेना उडते. यावर मला काही म्हणायचं नाही.

पण पुढच्या, शेवटच्या अंकाचं मुखपृष्ठ क्लारिसने मला फोनवर दाखवलं. होडी रिकामी आहे आणि पाण्यातून एक हात वर आला आहे. इथे मी गप्प बसणार नाही. जुन्या चित्रकाराने हात काढला नव्हता. शब्दांत काही असो, चित्रात त्याने जागा सोडली होती आणि माझा नवरा त्या जागेतून फिलोमेनाला घेऊन बाहेर पडला. नव्या चित्रकाराने ती जागा बुजवली. हे अंक घराघरात जातील, मुलांना हातच दिसेल, आणि आमची फिलोमेना माझ्याबरोबरच संपेल. म्हणून मी गुडघे घेऊन इथवर आले.

७. जुन्या अंकांचा गठ्ठा. मनिलाचा एक संग्राहक तो मागतो आहे. पाहायला आला तेव्हा हातमोजे घालून आला होता. माझ्या बाकड्यावर लोक मासे खाल्लेल्या हातांनी वाचायचे. नोर्मिताने गठ्ठा खुशाल विकावा. फक्त ‘काळी होडी’चा शेवटचा अंक विकू नये. त्याच्याशिवाय संग्राहक बाकीचं घेणार नाही म्हणून ती महिनाभर माझ्यामागे लागली आहे. परवा म्हणाली, “नानाय,” म्हणजे आई, “एका अंकापायी तुम्ही सगळं अडवून धरलंय. वाचता तरी येतो का तुम्हाला तो?” मी म्हटलं, मला एकटीलाच येतो. ती चिडून भांडी घासायला गेली. रागावर भांडी चांगली निघतात.

८. तो शेवटचा अंक, त्याच्या शेवटच्या पानासह, क्लारिसला. पण तसाच नाही. गेल्या रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी तिला दोरोचे शब्द सांगितले आणि अंक पुढे ठेवून म्हटलं, आता वाच.

तिने पान पाहिलं. म्हणाली, “लोला,” म्हणजे आजी, “पण इथे तसं लिहिलेलं नाहीये.”

“नाही म्हणून तर तुला देतेय. लिहिलेलं कोणीही वाचेल.”

तिने छापलेल्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मला वाटलं, ही मुलगी खरेपणापायी वाया जाणार. मग तिने वाचायला सुरुवात केली. फिलोमेना काठाला लागली, होडी बांधली नाही, चुलीवर भात होता, चिखल तुडवत घरी गेली. आणि मग, पानावरून बोट न उचलता, पुढे म्हणाली, “भात करपला नव्हता.”

हे दोरोने कधी म्हटलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. म्हणून अंक तिचा.

आता वकील म्हणतात की कागद देता येतो, तोंडचे शब्द देता येत नाहीत; ते मालमत्तेत बसत नाहीत. आमचा यावर सकाळभर वाद झाला. मी विचारलं, देताय ती वस्तू नीट ओळखू यावी म्हणून तिचं वर्णन लागतं ना? लागतं म्हणाले. मग वर्णन लिहा. सदर अंकाच्या शेवटच्या पानावर काठाला लागलेली एक रिकामी होडी आहे, वल्हं आडवं ठेवलेलं आहे, काठावर पाऊलखुणा नाहीत कारण भरती येऊन गेली आहे. होडीतली बाई चुलीवर भात ठेवून आली होती, ती चिखल तुडवत घरी गेली. भात करपला नव्हता. या वर्णनाशी जो अंक जुळणार नाही तो माझा नव्हे.

हे शब्द आजवर कागदावर नव्हते. आता त्यांच्या दोन्ही बाजूंना शिक्के आहेत. क्लारिसने पुढे कोणाला हा अंक वाचून दाखवला तर याच वर्णनाप्रमाणे दाखवावा. भर घालायची असल्यास तिची मर्जी.

९. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहायला वकील माकाराएग यांना नेमते. त्यांनी फेलिसाला घरी जाताना सगळं सांगू नये, थोडं थोडं सांगावं.

मला अक्षर येत नाही म्हणून हा कागद मला दोनदा वाचून दाखवला: एकदा वकिलांनी, एकदा साक्षीदार लिगाया बाईंनी, आणि दुसऱ्या वेळी वकिलांना खोलीबाहेर बसवलं. माझ्या आयुष्यात वाचून दाखवलेल्या गोष्टीचा पडताळा मी पहिल्यांदाच घेतला. दोघांनी शब्दनशब्द सारखंच वाचलं, म्हणून कागद खरा धरून मी डाव्या हाताचा अंगठा देते. दोरो वाचायला असता तर या कागदाच्या शेवटी मी मेलेच नसते. चुलीवर भात आहे म्हणून घाईने घरी गेले असते.

(डाव्या अंगठ्याचा ठसा) बासिलिसा पाबेलार

आमच्यासमक्ष अंगठा दिला, आम्ही तिच्या व एकमेकांच्या समक्ष प्रत्येक पानावर सह्या केल्या:

१. लिगाया साबाल्येरो, निवृत्त शिक्षिका
२. रोमुलो नाद्रेस, चपला दुरुस्त करणारे
३. बेनहुर आब्रिगो, ट्रायसिकल चालक

लिहिणार: एफ्रेन, कारकून. काही गाळलेलं नाही.

स्थळ: लुसेना शहर, प्रांत केसोन
दिनांक: १४ ऑगस्ट २०१९