काइनच्या तोंडची ओळ

पेन्टेकॉस्टनंतरचा बुधवार, १५५१

धाकट्या जेन्किनला थोरल्या पास्कोचा आशीर्वाद.

आम्ही ठीक. करडी गाय व्याली. तुझा गुडघा ब्रिटनीच्या थंडीत ठणकतो का? तिकडची बोली आपल्या कॉर्निशच्या जवळची, म्हणून तुझं बोलण्यावाचून अडत नसेल, एवढंच समाधान.

सोमवारी रिंगणात बायबलमधल्या कथांचा खेळ झाला. पोथी यंदाही माझ्याकडे. आपल्या एकाही गड्याला ओळी पाठ नसतात, हे तुला ठाऊकच आहे. मी पाठीशी उभा राहून कानात सांगायचं, त्यांनी छाती फुगवून ते ओरडायचं. भावाला मारून टाकणारा काइन झालेल्या डेन्झिलला म्हटलं, एक तरी ओळ पाठ कर. तर म्हणतो, "मग तुला काय काम उरेल, पास्कोदादा?"

मी भलतंच लिहीत बसलोय. शनिवारी होडी सुटायच्या आत हे लिहून व्हायला हवं, नाहीतर दुसरं कोणीतरी तुला सांगेल.

मचाणावरून देवानं काइनला विचारलं, "तुझा भाऊ कुठे आहे?" ओळ पोथीत समोर होती. पण माझ्या तोंडून निघालं, "खाणीच्या जुन्या बोगद्यात लपलाय. मीच सांगितलं त्यांना." आणि डेन्झिलनं ते तीन गावांना ऐकू जाईल असं म्हटलं.

सरकारचा माणूस पुढेच बसला होता. काय झालं म्हणून इंग्रजीत विचारत राहिला, पण त्याला कोणी सांगितलं नाही.

बंड मोडल्यावर शिपाई तुला शोधत दारात आले, तेव्हा घरात इंग्रजी येणारा मी एकटा. त्यांनी दोरी गळ्यात घातली नव्हती, जेन्किन, नुसती दाखवली होती. तेवढ्यानं माझी पाचावर धारण बसली. ते गेल्यावर आई म्हणाली, "बरं गंडवलंस मेल्यांना." मी मान डोलावली. संध्याकाळी बोगद्यात तुझ्या गुडघ्याला गोळी लागली, तू कसाबसा होडीनं निसटलास आणि गावानं चुगलीचा आळ उरेन चक्कीवाल्यावर घेतला. तूही घेतलास. दोन वर्षं त्याच्याकडे कोणी दळायला गेलं नाही, मीही नाही. सोमवारी तो रिंगणात उठून उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि घरी गेला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज आईनं बोचकं बांधलं. शनिवारच्या होडीनं ती तुझ्याकडे येते आहे, कायमची.

हे पत्र तिच्याच हाती देतोय. तिला वाचता येत नाही, म्हणून मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, "माफी मागितली नाहीस."

म्हटलं, "मागू का?"

"नको. मागितलीस तर तो देईल."

म्हणून मागत नाही. तिला गारठा सोसत नाही, चुलीजवळ निजव.

पास्को