गेटबाहेरच्या बारा जणी

खडकमाळ, ता. दारव्हा
१२ ऑगस्ट २०२४

ती. रामदादास,
कांताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हीच बोलता, म्हणून पत्र. तुमच्या जुन्या हायस्कुलाची प्रगती कळवते. नवे मुख्याध्यापक राजकुमार सर साडेदहाला गेटला कुलूप लावतात. आमच्या गावची पहिली एसटी बोरटेकला शाळेशी पोचते पावणेअकराला. माझी नात उर्वशी धरून बारा मुली बाहेर. परतीची गाडी पाचला, म्हणून दिवसभर झाडाखाली बसतात; हजेरीत मात्र गैरहजर. दहावीला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. पोरगी रडून सांगते, आजी, मले फॉर्मच भरू देनार नाहीत. कुलपाचा नियम तुम्ही मुख्याध्यापक असतानाचा, तुमच्या सहीचा, ऑफिसात फ्रेम करून लावलाय म्हणे. सरांना दोन शब्द सांगाल?

लोभ आहेच, धाक थोडा कमी झाला तर वाढेल.
तुमची कांता


यवतमाळ
२० ऑगस्ट

चि. कांतास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर सुधारलं, विचार नाहीत. एसटीच्या नावाने ओरडणं सोपं असतं. उशिरा आलेल्याला एकदा परत पाठवलं की तो पुन्हा उशिरा येत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. उर्वशीला आधीच्या गाडीने पाठव.

पाच सप्टेंबरला शाळा माझा सत्कार करते आहे, शिस्तीबद्दल. आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्काम. पुरणपोळी नको, साखर वाढली आहे. दोनच कर.

तुझा दादा


यवतमाळ
७ सप्टेंबर

चि. कांतास, अ. उ. आ.

परवा उर्वशीसोबत तुमच्याच एसटीने गेलो. तिच्याआधी गाडी नाही, हे ड्रायव्हरने सांगितलं तेव्हा पटलं. गेटला कुलूप. आतून शिपाई किसनराव हात जोडून म्हणाला, सर, नियम तुमचाच हाय, चाबी सरांजवळ. मंडपात माझ्या वक्तशीरपणावर भाषण चाललं होतं, ते मी रस्त्यावर उभा राहून ऐकलं. एका मुलीने मला बसायला दप्तर दिलं.

राजकुमार सर धावत आले, मला एकट्याला आत घ्यायला. बारा जणींची हजेरी लागेपर्यंत मी हललो नाही. सत्काराची शाल अजून अंगावर घेववत नाही. कांता, मी परत पाठवलेली पोरं पुन्हा उशिरा आली नाहीत, कारण त्यातली कितीतरी पुन्हा आलीच नाहीत. मी कधी चौकशीही केली नाही. फार लाज वाटते.

दादा


खडकमाळ
२ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

गेट आता अकराला लागतं. सरांनी मागचे दिवसही धरले, उर्वशीचा फॉर्म भरला. इतकी तत्परता पाहून गावाला वाटलं, सर आजारी आहेत.

पण जातात नऊच जणी. दोघी कापूस वेचायला लागल्या. तुम्हाला दप्तर देणारी दिपाली, तिचं लग्न ठरतंय.

रविवारी या. तिच्या बापाच्या दारात आधी तुम्ही उभे राहा, मी मागे आहे.

कांता