आमच्या भिंतीपुरता रस्ता

मु. पिंपळटोला, आंबागडाच्या पायथ्याशी
दि. ९ जानेवारी १९७९

श्रीमान जवाईबापू टेकचंदजी, जवाहरनगर, यांस गोमाजीचा रामराम. आमच्या चंद्रभागेला आशीर्वाद. इकडे धान घरात आलं, बैल धड आहेत, माझी कंबर नेहमीसारखी. तुमचं बरं आहे बापू. क्वार्टर सरकारचं, दारापर्यंत डांबर सरकारचं, फॅक्टरीची बसही दारात घ्यायला येते. आता आमच्याकडेही विकास येऊन राहिला आहे, त्याचीच हकीकत लिहितो.

आमचे सरपंच भैय्याजी भंडाऱ्याच्या शिबिरातून (जेवण चांगलं असावं) एक विचार घेऊन परतले. गल्लीत पक्का रस्ता झाला की घरांची किंमत वाढेल, किंमत वाढली की घरपट्टी वाढेल, आणि त्या वाढीव पट्टीतूनच रस्ता होईल. म्हणजे आधी म्हशीचं दूध विकायचं आणि त्या पैशातून म्हैस आणायची. जुनी पट्टी दिवाबत्तीला, वाढ तेवढी रस्त्याला. सभेत टाळ्या पडल्या. रस्ता सगळ्यांनाच पाहिजे होता, वाढ मात्र शेजाऱ्याच्या पट्टीत.

आकारणीचे साहेब गुरुवारी येणार अशी दवंडी झाली आणि पाहता पाहता सारी गल्ली भिकेला लागली. सिमेंटच्या भिंतींवर शेणमाती चढली, छपरांवरचे इंग्रजी कवेलू उतरून गावठी बसले, आणि शेजारच्या तुलारामनं तर बैठकीत म्हैस बांधली. मीही मागं राहिलो नाही. पण शुक्रवारी आमच्या धाकट्या बेबीला पाहायला तुमसरच्या राइस मिलचे मुनीम कृष्णराव, म्हणजे मुलाचे वडील, येणार होते. मुलाला बेबीनं मंडईच्या जत्रेत पाहिलं होतं आणि तिच्या मनात तो भरला होता. म्हणून मी बेत केला, गुरुवारी गरीब राहायचं, साहेब गेले की भिंती धुवायच्या आणि शुक्रवारी श्रीमंत व्हायचं.

साहेब गुरुवारी आलेच नाहीत (रस्ता नाही, येतील कसे?). शुक्रवारी घर अजून गरीबच, तोच टेरिकॉटची पँट नि चामडी बॅग दारात उभी. असा माणूस साहेब नाही तर कोण? मी हात जोडले. म्हटलं, "साहेब, पोटाले नाही जी. छप्पर गळून राहिलं, बैल मांगून आणले, एक पोरगी हाय, तेबी अर्ध्या पोटी." पोह्यांचा वास येऊ नये म्हणून तुमच्या सासूला, गोदावरीला, आत दार लावून बसवलं होतं. पाहुण्यांनी बेबीचं नावही न काढता, पाणी पिऊन काढता पाय घेतला. मी मिशीला पीळ दिला.

मागाहून आले धोतर-टोपीवाले, ढोपरापर्यंत धुळीनं माखलेले. हेच व्याही! खुर्ची दिली, पोहे दिले, चहा दिला, खिळ्यानं शेण खरवडून खालचं सिमेंट दाखवलं, माडी दाखवली. त्यांनी टेप काढून भिंत मोजली. मनात म्हटलं, सोयरा चौकस आहे, पोरगी द्यायला हरकत नाही. मग बेबीला बाहेर बोलावलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मुलीवर पट्टी लागत नाही जी."

साऱ्या गल्लीत वाढ फक्त माझी झाली. भैय्याजी शब्दाचे पक्के. ज्याची वाढ, त्याच्यासमोर रस्ता. माझ्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गिट्टी-मुरमाचा झकास रस्ता झाला आहे, अलीकडे खड्डा, पलीकडे खड्डा. तुलारामची बायको त्यावर धान वाळवते आणि वर मलाच कोंबड्या हाकायला सांगते. हसा बापू. पण बेबी माझ्याशी बोलत नाही, आणि खरं सांगतो, तिच्याकडे पाहून घास उतरत नाही.

तुमचा,
गोमाजी

ता. क. – पत्र टाकायचं राहिलं होतं. काल कृष्णरावांचा निरोप आला. घोटाळा कळून ते पोट धरून हसले म्हणे. सोयरीक पक्की, मात्र त्या दिवशी गल्लीच्या खड्ड्यात त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून वऱ्हाडाची बस दारापर्यंत आली पाहिजे, एवढीच अट. बेबीनं आज मला स्वतःहून चहा दिला.

ता. क. दुसरा – तेव्हा आकारणीच्या साहेबांना मीच बोलावलं, पोहे खाऊ घातले आणि गल्लीतलं एकूण एक शेण खरवडून दाखवलं. तुलाराम बोलत नाही, न बोलो. गल्लीच्या तोंडाशीच तुमचं कुलूपबंद घर, जे तुम्ही गुरांचा कोठा म्हणून लिहवलं आहे. विश्वासानं दिलेली किल्ली माझ्याकडे होतीच. आतली फरशी पाहून साहेब फार खूश झाले. नोटीस क्वार्टरवर येईल. रागावू नका, बस आधी तुमच्याच दारावरून येणार. लग्न फाल्गुनात. आहेर आणू नका, पट्टी भरा.