रिकाम्या कपांत एक भरलेला

शनि. ३ जाने.
उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. मनुका भिजत घातल्या. हे चर्चचे डीकन, पाळकांचे मदतनीस, होते तेव्हापासून द्राक्षरस आपल्याच घरचा. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळून फडक्यातून गाळायच्या. हे गेले तरी काम माझ्याकडंच राहिलं. कुणी काढून घेतलं नाही, मी सोडलं नाही.
दुपारी मोरीत पाय घसरला. डावं मनगट सुजलंय. डावं म्हणून लिहिता तरी येतंय.

रवि. ४ जाने.
ज्याला भीत होते तेच झालं.
ह्यांच्या आजारात चर्चच्या सगळ्या मंडळीनं उपवास धरला. उठणार म्हणून वेदीवरून सांगितलं गेलं. उठले नाहीत. तेव्हापासून, दोन वर्षं, मी कप घेते, पदराआड धरते, ओठाला लावल्यासारखं करते, पीत नाही. भाकरीचा तुकडा रुमालात. खात्री नसताना घेणं म्हणजे देवासमोर बसून खोटं बोलणं. (आणि हे काय आहे मग.)
उपासना सुटली की कप मीच गोळा करते, धुते, माझा चाफ्याच्या बुंध्याशी ओतते. आज हात बांधलेला. स्त्री मंडळाच्या अध्यक्ष शीलाबाई, त्यांनी गोळा केले. रिकाम्या कपांत एक भरलेला.
तो आमच्या सतरंजीवरचा, आणि तिथं तिघीच. मार्थाआक्का, मी, आणि शीलाबाईंचीच सून सुनीता. आक्का चौऱ्याऐंशीच्या, जन्माच्या भाविक. मी डीकनची विधवा. सुनीताचा बाप्तिस्मा गेल्या वर्षीचा, लग्नाच्या आधी पंधरा दिवस.
सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

मंगळ. ६ जाने.
नळावर शीलाबाई सुनेला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "लग्नापुरतं पाणी घेतलं डोक्यावर. आता घरात देव्हारा मांड, म्हणजे सुटलो."
सुनीता अर्धा हंडा घेऊन निघून गेली.
मी म्हणाले, "तिचाच कशावरून?"
"मग काय तुमचा?" म्हणून हसल्या. मीही हसले.

बुध. ७ जाने.
वाचायला मी तिशीत शिकले, गायनाच्या पुस्तकावरून. गाणी पाठ होती, बोट ठेवून अक्षरं ओळखत गेले. हे म्हणायचे, "तू आधी गातेस, मग वाचतेस."
हे गेल्यापासून पवित्र शास्त्र वाचताना हातात पेन्सिल. कुणी देवाला 'का' विचारलंय आणि उत्तर आलेलं नाही, तिथं एक ठिपका. आज सगळी पानं उलटून पाहिली. ठिपकेच ठिपके. राजा विचारतोय, रोगी विचारतोय, म्हातारी माणसं. आणि पुढं, वधस्तंभावरून तो स्वतः, माझा त्याग का केलास म्हणून.
तिथला ठिपका मी कधी दिला आठवत नाही. बोट ठेवून बसले. ज्याच्यापासून लपवते आहे, त्यानंच विचारलंय. उत्तर त्यालाही नाही.
दूध उतू गेलं तरी उठवलं नाही.

शुक्र. ९ जाने.
मार्थाआक्कांकडं गेले. त्यांना दिसत नाही आता. म्हणाले, "आक्का, तो कप माझा."
"मला ठावं हाय."
"कसं?"
"डोळं गेलं, कान हाय का न्हाई? तुझ्याकडनं गिळल्याचा आवाज येत न्हाई दोन वरसं."
"मग बोलला का नाहीत?"
"तुझं नि त्याचं भांडान. मी कशाला मधी पडू?"
"तो आहे का, हेच कळत नाही मला."
"मग रोज भांडतीस कुनाशी?"
त्याच पुढं म्हणाल्या, "माजी दोन लेकरं गेली गोवरानं, एका आठवड्यात. तवापासून दर खेपेला कप हातात घेते नि इचारते, का?"
"आणि?"
"आनि पिते. लई वरसं झाली."
ज्यांच्याकडं बघून मला लाज वाटायची, त्या ह्या.

गुरु. १५ जाने.
स्त्री मंडळ. सुनीता आली नाही. प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा उभी राहिले. "तो कप माझा होता. दोन वर्षं माझाच असतो. सुनीतानं काही केलेलं नाही."
"रूथबाई, तुम्ही?" शीलाबाईंनी विचारलं.
"मी."
"रस तुम्हीच करता ना?"
"करते."
"आणि पीत नाही?"
"नाही."
मागं कुणीतरी रडायला लागलं. कोण ते वळून पाहिलं नाही. शीलाबाई दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून निघून गेल्या. माझ्यावर रागावून गेल्या की घाईनं सुनेकडं, कळलं नाही.

शनि. १७ जाने.
पाळकसाहेब आले. वय पस्तीस असेल, मावशी म्हणतात. विचारलं, रस करायचं बंद करू का.
"का, बिघडला?"
"मी बिघडले."
हसले. मग चहा तसाच ठेवून म्हणाले, "काका उठतील असं मीच सांगितलं होतं, मावशी. त्यानंतर चार महिने मी उपासना चालवली, पण घरी एकदाही प्रार्थना केली नाही."
"आता?"
"आता करतो. परत कशी सुरू झाली, ते सांगता येत नाही मला."
हे मंडळीत उठून चालले असते तरी मी एवढी थक्क झाले नसते. नाही. हे खरं नाही. उठले असते तर… पण थक्क झाले.

सोम. २६ जाने.
सुनीता आली. सासूनं वाल पाठवले, निरोप काही नाही. तेवढं पुष्कळ. सोलायला बसलो.
ती म्हणाली, "मावशी, मी प्यायले होते त्या दिवशी. पण भीतीनं. नाही प्यायले तर आत्याबाईंना कळेल म्हणून. मग माझं खरं की तुमचं?"
मी म्हणाले, "रविवारी गाळायला ये. मनगट अजून दुखतंय."

रवि. १ फेब्रु.
सुनीतानं फडकं धरलं, मी ओतलं. शीलाबाईंनी तिला सकाळी स्वतः सोडलं, दारातूनच "सलाम रूथबाई" म्हणाल्या आणि गेल्या.
तबक आलं. तुकडा खाल्ला. कप घेतला, पदर घेतला नाही. सुनीता कप धरून माझ्याकडं बघत थांबलेली. हळूच म्हणाले, "माझ्याकडं बघू नकोस. मलाही माहीत नाही."
मनात त्याला विचारलं, का? सगळी मंडळी शांत. पाळकसाहेबही थांबले होते, आमच्यासाठी की काय. एवढी शांतता मी ह्यांच्या उशाशी ऐकली होती, शेवटच्या दिवशी. तेव्हा ती रिकामी वाटली होती. आज तशी वाटली नाही. का, ते माहीत नाही.
प्यायले.
कप धुताना सुनीतानं विचारलं, "काही झालं का तुम्हाला?"
"कळत नाही. तुला?"
"मलाही."
दिवस मावळायला आला. तोंडात ती चव अजून आहे. भूक लागलीय. भाकरी खाल्ली की जाईल, म्हणून थांबलेय.